अनुपमाच्या वाट्याचं पाणी

१

सोमवार, बुधवार, शनिवार. तीन वर्षांपासून आमच्या घरात आठवड्याचे एवढेच वार उरले आहेत. या दिवशी मी सकाळी सहाला, राणीसावरगावातल्या माझ्या किराणा दुकानाचं शटर न उघडता मागच्या शेडमधली अ‍ॅम्बेसेडर बाहेर काढतो, बायकोला मागच्या सीटवर निजवतो आणि गंगाखेडवरून परभणीला डायलिसिसला नेतो. तिथे चार तास मशीन तिचं रक्त धुतं, मग आम्ही परत निघतो. माझी किडनी तिला चालली नाही. यादीत आमचा नंबर कुठे आहे हे विचारणं मी आता सोडून दिलं आहे.

गाडी माझ्या वडिलांची, बसप्पांची. लोक म्हणतात, विरेश, विकून टाक हे धूड. लोकांचं काय जातंय! भाड्याच्या जीपमध्ये अनुपमाने गंगाखेडपर्यंत तीन उलट्या केल्या होत्या, आणि या गाडीची मागची सीट म्हणजे पलंग आहे. तेव्हा गाडी राहणार हे नक्की होतं. प्रश्न फक्त इंजिनाचा होता. परभणीत शिरताना रोडलाच मुंजाजी मिस्त्रींचं पत्र्याचं गॅरेज आहे. ते वर्षभर सांगत होते, की हे पेट्रोल इंजिन आता संपलं, एका जीपचं चांगलं डिझेल इंजिन आलं आहे, ते बसवून देतो. मी बघू-बघू करत होतो. आठ दिवस गाडी बंद ठेवायची म्हणजे आठ दिवस जीप, आणि अनुपमाच्या उलट्या.

अनुपमाला दिवसाला पाऊण लिटर पाणी. चहा, वरण, गोळीवरचा घोट, सगळं धरून. आम्ही लिंगायत. रोज अंघोळ झाली की ती गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करते आणि लिंगावरून उतरलेलं ते तीर्थ स्वतःच प्यायचं असतं. वाटीभर तीर्थ म्हणजे तिचं दुपारपर्यंतचं पाणी. मग ती नुसतं बोट ओठाला लावायची आणि वाटी माझ्या हातात द्यायची. तीर्थ मोरीत ओतता येत नाही, पायाखाली सांडता येत नाही, आणि परसातला बेल गेल्या उन्हाळ्यात वाळून गेला. रेडिएटरला तर रोज पाणी लागायचंच. एके दिवशी मी वाटी तिथे ओतली. आपलीच गाडी, कुणाचा पाय लागायचा नाही. पुढे ती सवय झाली.

निघण्याआधी आणखी एक काम असायचं. तिच्या डाव्या हातात, कोपराच्या खाली, डॉक्टरांनी दोन रक्तवाहिन्या जोडून दिल्या आहेत. सुया तिथेच टोचतात. त्या जागी कान लावला की लांबच्या गिरणीचा पट्टा फिरावा तसा घूं-घूं आवाज येतो. तो आवाज आहे तोवर सगळं ठीक, असं आम्हाला सांगितलेलं आहे. मी रोज सकाळी कान लावतो.

२

जानेवारीतल्या एका बुधवारी मी रेडिएटरचं झाकण उघडलं, तर पाणी गळ्यापर्यंत भरलेलं होतं.

ही गाडी एका फेरीला लिटरभर पाणी पिते. सोमवारी परत आल्यावर मी तीर्थाच्या वाटीशिवाय पाणी घातलेलं नव्हतं. बरं, रेडिएटरमधलं पाणी नेहमी गंजाने चहासारखं लाल असतं. हे इतकं स्वच्छ होतं, की तळाची पितळी जाळी दिसत होती. मी बोट बुडवून पाहिलं. पाणी कोमट होतं, आणि गाडी दोन रात्री बंद होती.

त्या दिवशी हॉस्पिटलात अनुपमाचं वजन केलं. तिचं पाणी काढल्यानंतरचं वजन अठ्ठेचाळीस. दोन दिवसांत साठलेल्या पाण्याने ते एक्कावन्नच्या आसपास जायचं. त्या दिवशी एकोणपन्नास भरलं. मशीन सांभाळणाऱ्या निकितानं काटा दोनदा तपासला आणि अनुपमाला शाबासकी दिली, की काकू, पाणी लय सांभाळलंत. अनुपमा म्हणाली, सांभाळलं कुठं, तहानच लागली नाही.

मी खूश झालो. माणूस तीन वर्षांत इतका कोरडा पडतो, की एवढ्यावरही खूश होतो.

३

फेब्रुवारीत एकदा, ती मशीनवर असताना, मी गाडी मुंजाजींकडे नेऊन लावली. ते जेवून आले, तोवर गाडी दोन-अडीच तास बंदच होती. त्यांनी इंजिन ऑइलची पट्टी ओढून पाहिली. तेल दुधासारखं पांढरं झालं होतं.

“अप्पा, तेलात पाणी हाय,” ते म्हणाले. “हे इंजिन चालायलाच न्हाई पायजे. तुमी आलात कसं?”

आलो ते आलो, मी म्हणालो. त्यांनी हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला. त्याचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावतात आणि आत कुठे काय वाजतंय ते ऐकतात. चाळीस वर्षांत त्यांना दुसरं यंत्र लागलेलं नाही. मी चावी फिरवायला गेलो, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि तसेच ऐकत राहिले. मग मूठ माझ्या कानाला लावली.

बंद इंजिनाच्या आत लांबची गिरणी चालली होती. घूं-घूं, घूं-घूं.

मी सांगितलं, रस्त्यावरून ट्रक जातायत, त्यांचा हादरा असेल. मुंजाजी हो म्हणाले. दोघांनाही रस्ता दिसत होता आणि त्यावर त्या वेळी एक म्हैस सोडून काही नव्हतं.

४

मी तोलमापाचा माणूस आहे. मला शंका आली, की मी तोलून बघतो.

एक आठवडा गाडी शेडमध्ये ठेवली आणि गावातल्या पप्पूची जीप केली. अनुपमाचं वजन पहिल्याच फेरीला एक्कावन्न, दुसऱ्या फेरीला बावन्न. पायावर सूज, रात्री बसून श्वास. पुढच्या आठवड्यात परत आमची गाडी काढली. पन्नास. एकोणपन्नास. शनिवारी साडेअठ्ठेचाळीस. रेडिएटर गळ्यापर्यंत.

मग मी जे केलं ते कोणीही केलं असतं. मुंजाजींना फोन करून सांगितलं, की इंजिन बदलायचं नाही, विषय संपला. तीर्थाची वाटी मी आता विसरत नव्हतो. बॉनेटवर भस्माचे तीन पट्टे ओढायला लागलो. हे सगळं मला मूर्खपणाचं वाटत होतं आणि मी ते मन लावून करत होतो. एका सोमवारी डॉक्टर म्हणाले, की असंच राहिलं तर आठवड्यातून दोनदा आणा. मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून रडलो.

त्यानंतरच्या बुधवारी ती सत्तेचाळीस भरली. शनिवारी सेहेचाळीस. मशीनला तिच्या अंगातून काढायला पाणीच उरलं नव्हतं, आणि वजन उतरतच होतं. जेवण सुटलं. बांगड्या धुणं धुताना गळून पडायला लागल्या. सकाळी तिच्या हाताला कान लावला तर गिरणी आणखी लांब गेलेली असायची. स्वयंपाकघरात मात्र तीच गिरणी आता स्क्रू ड्रायव्हरशिवाय ऐकू येत होती. भिंतीपलीकडे शेड आहे.

तीर्थ ओतणं मी बंद केलं. फरक पडला नाही. म्हणून एके दुपारी रेडिएटरचा खालचा नळ सोडला. अर्धा लिटर पाणी गेलं असेल, तेवढ्यात घरात भांडी कोसळली. अनुपमा ओट्याखाली पडली होती, ओठ पांढरे, नाडी लागेना. मी पळत शेडमध्ये गेलो, नळ बंद केला, जमिनीवरचं पाणी फडक्याने टिपून, पिळून, परत आत घातलं. पाव शेरसुद्धा हाताला लागलं नाही. ती शुद्धीवर आली, पण तेवढं सोडून जे मातीत गेलं ते काय होतं, हे मला अजून कळलेलं नाही. तिला तिच्या आईचं नाव आठवेना.

५

एप्रिलच्या शेवटी तिने मला खाटेजवळ बसवून घेतलं.

“उठलं की आधी मला शेडचे पत्रे दिसतात,” ती म्हणाली. “मग आपलं घर दिसतं. आधी लगेच दिसायचं. आता लय वेळ लागायलाय.”

स्वप्न पडत असेल, मी म्हणालो.

“स्वप्नात पेट्रोलचा वास येत न्हाई. आन सकाळी तुमी शेडचं दार उघडता तवा माझ्या डोळ्यावर ऊन येतं.”

तिची खाट मधल्या घरात आहे. तिथे दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो.

मी तिचा हात हातात घेऊन बसलो. इंजिन ठेवलं तर ती अशी थेंबाथेंबाने तिकडे जाणार. काढलं तर जेवढी गेली आहे तेवढी त्याच्याबरोबर जाणार, किंवा परत येणार, किंवा काहीच होणार नाही आणि मी एक बायकोच्या आजाराने डोकं फिरलेला किराणावाला ठरणार. हे शेवटचं खरं असावं म्हणून मी किती वेळा हात जोडले असतील! तिने माझ्या मनातलं ओळखलं.

“बदलून टाका ते इंजिन,” ती म्हणाली. “तसंबी मी रोज थोडी थोडी जायलेच. एकदा काय ते होऊ द्या.”

६

मे महिन्याचा पहिला सोमवार. डायलिसिसनंतर मी तिला गॅरेजसमोरच्या लिंबाखाली बाकावर बसवलं. त्रेचाळीस किलो. मुंजाजींना मी सतरा वेळा सांगितलं होतं, की पाणी न सोडता इंजिन काढा. त्यांनी मान डोलवली, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने पहिल्यांदा नळच सोडला. मला दिसेपर्यंत निम्मं गेलं होतं.

मी अनुपमाकडे पाहिलं. ती पडली नाही. नळातून येणारं पाणी गंजाने लाल झालेलं होतं. नेहमीचं, घाण, रेडिएटरचं पाणी. मुंजाजींनी साखळी ओढली, इंजिन टीचभर उचललं, हातभर उचललं, आणि ते गाडीतून सुटून हवेत लोंबायला लागलं. मी स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला आणि टेकवला. आत काही नव्हतं. थंड लोखंड.

“तहान लागली,” अनुपमा बाकावरून म्हणाली.

चार महिन्यांत पहिल्यांदा. मी मुंजाजींच्या माठातून ग्लास भरून नेला. तिने तो एका दमात संपवला आणि हसली. तिच्या गालावर रंग आला होता. मी तिथेच, भर रस्त्यावर, तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि रडू आवरलं नाही.

७

ते आठ दिवस चांगले गेले, असं मी स्वतःला सांगत होतो.

ती जेवत होती. घरभर हिंडत होती. पप्पूच्या जीपमध्ये तिला एकदाही उलटी झाली नाही. फक्त पाणी पीत होती. पाऊण लिटर सोडा, सकाळच्या चहाआधी एक तांब्या रिकामा व्हायचा. बुधवारी तिचं वजन सहा किलो जास्त भरलं आणि निकिता मला रागावली. शनिवारी सात. पाणी लपवून ठेवलं तर ती शोधायची. एकदा मी पाहिलं, ती शेडमधल्या गाडी धुवायच्या बादलीत वाकली होती.

पूजेचं विचारलं की उद्या करते म्हणायची. आठ दिवसांत तो उद्या आला नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, बाळंतपण सोडलं तर तिची पूजा चुकलेली मला आठवत नाही.

हाताला मी रोज कान लावत होतो. आवाज होता, भरपूर होता. पण त्यात एक ठोका मिसळलेला होता. टक, टक, टक. हा आवाज मी वडिलांच्या वेळेपासून ओळखतो. गाडी चढाला लागली की यायचा.

हे मी कुणाला सांगणार होतो?

८

पुढच्या मंगळवारी गाडी तयार झाली. आम्ही दुपारी पप्पूच्या जीपने गेलो. नवं इंजिन एका चावीत सुरू झालं. मुंजाजी खुशीत होते. जुनं इंजिन इतके दिवस कशाच्या जोरावर चाललं, हे बघायला त्यांनी सकाळीच त्याचं वरचं डोकं खोललं होतं. इंजिन टायरवर ठेवलेलं होतं, चार सिलिंडरची चार भोकं वर करून.

“हे बघा, अप्पा,” ते म्हणाले. “पाणी तर मी त्याच दिशी काढलं व्हतं. आन तिसऱ्यात हे आलं कुठून?”

तीन भोकं कोरडी आणि काळी होती. तिसरं काठोकाठ भरलेलं होतं. पाणी स्वच्छ होतं आणि बारीक थरथरत होतं. मी वाकलो. त्यात वरचे पत्रे दिसायला हवे होते, किंवा माझं तोंड.

एक हात होता. मनगटापासून कोपरापर्यंत, सुयांच्या खुणा असलेला डावा हात, आणि तळवा वर, काहीतरी जपून धरावं तसा पसरलेला. खूप खोल होता. ते भोक वीतभरसुद्धा खोल नाही.

मुंजाजींना काही दिसलं नसावं. त्यांनी पाणी ओतून टाकायला इंजिनाला हात घातला. मी त्यांचं मनगट इतक्या जोरात धरलं, की ते चमकून माझ्याकडे बघायला लागले.

“न्हाई ओतलं तरी जाणारच हाय ते,” ते म्हणाले. “पिस्टनच्या रिंगा गेल्यात. खाली उतरायलंय पाणी.”

मी खाली पाहिलं. टायरखालच्या मातीवर तळहाताएवढा ओला डाग होता आणि तो वाढत होता.

पाठीमागे माठावर ग्लास आपटल्याचा आवाज आला. माठ रिकामा झाला होता.

“राहू द्या की ते भंगार,” अनुपमाच्या आवाजात कोणीतरी म्हणालं. “चला घरी.”

९

इंजिन मी डिकीत चढवून घेतलं. वर प्लास्टिकचा कागद बांधला, खाली स्टीलचं पातेलं ठेवलं. मुंजाजींनी साखळी लावली, शेजारच्या पंक्चरवाल्याने हात दिला. दुसरं पाणी वर घालावं का, हे मला ठरवता आलं नाही. घातलं तर आतली अनुपमा पातळ होईल का? हे असे प्रश्न मी दुपारी तीन वाजता, ऊन डोक्यावर असताना, शुद्धीत राहून स्वतःला विचारत होतो.

ती मागच्या सीटवर निजली नाही. पुढे, माझ्या शेजारी बसली. दोन लिटरची बाटली मांडीवर होती. मी दहाच्या वेगाने चाललो. मागून ट्रक हॉर्न वाजवत, शिव्या देत पुढे जात होते. पोखर्णीजवळ एक खड्डा चुकवता आला नाही, आणि डिकीत पाणी हिंदळल्याचा आवाज मला नव्या इंजिनाच्या धडधडीतही स्पष्ट ऐकू आला.

“जरा जोरात चालवा ना,” ती म्हणाली.

दैठण्याच्या अलीकडे मी गाडी बाजूला घेतली. चावी काढून खिशात घालायचं भान राहिलं नाही. डिकी उघडली, प्लास्टिक सोडलं. पाणी निम्म्यावर आलं होतं. पातेल्यात काही जमलं नव्हतं, तळाला नुसता एक ओला ओरखडा होता. डिकीचा पत्रा गंजलेला आहे, खालून रस्ता दिसतो. मी इंजिनाच्या तिसऱ्या भोकाजवळ कान नेला. गिरणी चालू होती, अगदी लांब. मी माझा तळहात त्यावर पालथा धरला, ऊन लागू नये म्हणून. आतून तळव्याला थंडगार बोटांची टोकं लागली, आणि त्यांनी माझं बोट धरलं.

पुढे बसलेलीने हॉर्न दाबला. मग गाडी सुरू केली.

तिला गाडी चालवता येत नाही. सव्वीस वर्षांत तिने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. मी तिथून पळत पुढे जाऊन चावी काढू शकलो असतो, चार पावलांचं अंतर होतं. पण त्यासाठी हात सोडवून घ्यावा लागला असता.

मी डिकीत चढलो, इंजिनाला कवटाळून बसलो आणि अनुपमाला सांगितलं, की घट्ट धर. पुढे रस्त्याचं काम चालू आहे आणि गंगाखेडपर्यंत सगळा रस्ता उखडून ठेवलेला आहे.